मदत हवी आहे: सत्तरीत तरुण पुढाऱ्यांना कसं घडवावं?

सर्वांना जय ख्रिस्त. मी नगरचा. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बरीच वर्षं पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, होतो, आता सत्तरी आली. पाळकसाहेबांनी तरुण संघातली तीन-चार मुलं माझ्या हाती दिली आहेत. काय शिकवायचं ते कळतं, कसं शिकवायचं तिथे अडतंय.

बायबलमध्ये २ तीमथ्य २:२ या वचनात चार पिढ्यांची साखळी आहे: प्रेषित पौल, त्याचा शिष्य तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ते. पण मला पौलापेक्षा त्याचा सहकारी बर्णबा जवळचा वाटतो. सुवार्तेच्या प्रवासात पंफुल्या प्रांतात साथ सोडून गेलेल्या तरुण मार्काला पौल पुन्हा न्यायला तयार नव्हता, बर्णबाने नेलं. पुढे त्याच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं पौलच लिहितो. आमच्यातला एक मुलगा तसाच. गातो छान, जबाबदारी दिली की गायब. अशाला किती वेळा सांभाळून घ्यावं?

शिवाय ही मुलं नोकरीला पुण्यात, घरी येतात ती रविवारपुरती. फोनवरून शास्त्राभ्यास कोणी नीट चालवलाय का? ना. वा. टिळकांची भजनंही त्यांना गिटारवर हवीत. (मला चालतं, बाकीच्या पंचांना नाही!)

आणखी एक, जरा खासगी. जुन्या करारातल्या कालेबाने ८५व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागून घेतला. मला मात्र हल्ली पहाटेची प्रार्थनाही कोरडी जाते, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मुलांना प्रार्थनेवर बोलायचं असतं. हे त्यांना मोकळेपणाने सांगावं का? जे यातून गेलेत त्यांनी लिहा. वचनं पाठ आहेत, अनुभव हवाय.