कणखरपणा शिकवून येतो का?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी संघाचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) चेट होल्मग्रेन नाजूक आहे आणि कणखरपणा अंगातच असावा लागतो, तो शिकवून येत नाही, हे मत मला अजिबात पटलं नाही. २०२४ च्या बाद फेरीत डॅलसने ओक्लाहोमा सिटीला ४-२ ने हरवलं तेव्हा डॅलसचे सेंटर गॅफर्ड आणि लाइव्हली होल्मग्रेनला भारी पडले, हे मान्य. पण तो त्याचा पहिलाच मोसम होता, आधीचं अख्खं वर्ष पायाच्या दुखापतीत गेलेलं. त्यानंतर संघाने हार्टेनस्टाइन हा आणखी एक सेंटर आणला, म्हणजे प्रत्येक धक्का होल्मग्रेनच्याच अंगावर येईना. पुढच्या मोसमात कमरेचं हाड मोडूनही तो परतला आणि २०२५ च्या अंतिम लढतीच्या सातव्या सामन्यात १८ गुण, ८ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), ५ ब्लॉक (समोरच्याचा फेकलेला चेंडू अडवणं)!

मी नाशकात शाळेकडून सेंटर खेळायचो. उंच आणि काडीसारखा. पहिल्याच बाद फेरीत समोरच्या दणकट पोराने मला रिंगखालून इतकं मागे रेटलं की दुसऱ्या सत्रात मी चेंडू मागणंच सोडलं. सरांनी वजन वाढव वगैरे काही म्हटलं नाही. गंगापूर रोडच्या कोर्टवर दोन महिने रोज सकाळी एकच काम: गुडघे वाकवून कंबर खाली, आणि उडी मारायच्या आधी आपणच पाठीने समोरच्याला अडवायचं. मागून आमचा सगळ्यात जाड फॉरवर्ड ढकलत राहायचा. पुढच्या वर्षी तोच पोरगा समोर आला. माझं वजन जेमतेम दोन किलो वाढलं होतं, पण त्याला मला हलवता आलं नाही.