मदत हवी आहे: डोंबिवली ते महापे, मध्ये लोकल. फोल्डिंग सायकल १६ इंची घ्यावी की २० इंची?

नमस्कार मंडळी,

घर डोंबिवली पूर्वेला, ऑफिस महापेला एमआयडीसीत. घरापासून स्टेशन २ किमी, मग लोकलने ठाणे, तिथे पूल चढून ट्रान्स-हार्बर, आणि घणसोलीला उतरल्यावर पुन्हा अडीच-तीन किमी. ही दोन टोकंच जीव खातात. इकडे शेअर रिक्षाची रांग, तिकडे रिक्षावाल्याची मर्जी. ड्युटी दुपारी २ ते रात्री १०, त्यामुळे ऐन गर्दीचा प्रश्न नाही. (सकाळी ८ च्या फास्टला सायकल घेऊन चढायचं धाडस मी सुचवणारही नाही.) साधी सायकल स्टेशनबाहेर लावून झाली. एक नव्हे, दोन गेल्या. म्हणून आता सोबत नेता येईल अशीच हवी.

भाच्याची २० इंची चाकांची, मधून दुमडणारी सायकल आठवडाभर वापरून पाहिली. चालवायला झकास. पण वजन साडेतेरा किलो (घरच्या काट्यावर आधी मी एकटा, मग तिला उचलून). घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुमडली तरी साधारण ८० बाय ६५ सेंमीचं धूड उरतं. दोन्ही भाग धरून ठेवणारं चुंबक धक्क्याने सुटतं आणि बाईसाहेब फलाटावरच हातपाय पसरतात. ठाण्याच्या पुलावर पुढच्या माणसाच्या पांढऱ्या पँटला चेनचं काळं लागलं. त्याने काय ऐकवलं ते लिहीत नाही.

ब्रॉम्प्टन (ब्रिटिश कंपनीची १६ इंची फोल्डिंग सायकल) दुमडून साधारण ६५ बाय ५९ बाय २७ सेंमीची होते हे ठाऊक आहे, पण ती लाखाच्या वर. माझं बजेट २५ हजार, ताणून ३०. ओळखीत तशीच तीन ठिकाणी दुमडणारी, दुसऱ्या कंपनीची वापरलेली १६ इंची २८ हजारांना मिळतेय. उंची ५ फूट ९, वजन ८८ किलो, पाठीवर लॅपटॉप आणि डबा. एवढ्याशा चाकावर पाय सारखे गरगर फिरवावे लागतील का? आणि आमचे खड्डे?

प्रतिसाद १

पायांची काळजी सोडा. चाक लहान असलं की पुढची चक्री मोठी देतात. २० इंचीला पुढे ५२ आणि मागे १४ दाते असले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास पावणेसहा मीटर जाते. आपली जुनी काळी सायकल ४४-१८ वर साडेपाचच्या आसपास जाते. १६ इंचीलाही हाच हिशेब करून बघा.

खड्ड्यांचं मात्र खरं आहे. लहान चाक खड्ड्यात जास्त उतरतं, मनगटाला कळतं. वजनमर्यादा बघताना बॅगही धरा, तुमचं ९५ च्या घरात जाईल. सीटचा दांडा त्याच्यावरच्या खुणेपलीकडे ओढावा लागत असेल तर ती सायकल तुमच्या मापाची नाही.

सगळ्यात आधी टायरच्या कडेचा नंबर वाचा. १६ इंचीत ३०५ आणि ३४९ (टायर बसतो तिथला रिमचा व्यास, मिमीमध्ये) ही दोन वेगळी मापं आहेत, एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ३०५ लहान मुलांच्या सायकलींना असतो, त्यामुळे गल्लीतही मिळेल. २० इंचीत ४०६ सोपा, ४५१ शोधावा लागतो.

प्रतिसाद २

वापरलेली घेताय तर बिजागरी तपासा. पुढचा ब्रेक दाबून ठेवा, एक बोट सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर हात जोडून परत या. दुमडल्यावर ढकलत नेता येते का तेही बघा. पूल चढताना उचलणं आलंच, पण फलाटभर कशाला? आणि वर एक पिशवी चढवा, पँटवाल्यांसाठी.

धागाकर्ता

दोघांचे आभार. सायकल बघून आलो. टकटक नाही, ढकलतही जाते, वजन १२ किलो. दीड किलोचा फरक हातात घेतल्यावर कळला, जिन्यात तर फारच. पण नंबर निघाला ३४९. मालकाला सांगितलंय, दोन टायर आणि चार ट्यूब सोबत देणार असाल तरच घेतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात हे टायर कुणाला दुकानात मिळाले असतील तर सांगा. रविवारी त्याचा फोन यायचाय.