उपग्रहांनी वाट दाखवली की चुकवली? गोव्यातले अनुभव सांगा

परवा पाहुणे आमच्याकडे दिवाड बेटावर यायला निघाले. फोन 'पोहोचलात' म्हणाला तेव्हा गाडी मांडवीच्या पलीकडच्या काठावर! फेरीबोट त्याच्या हिशेबातच नव्हती. मी अलीकडून हात करतोय, ते तिकडून. तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा.

पर्वरीहून
अटल सेतू मांडवीच्या दोन जुन्या पुलांच्या मधून, त्यांच्याहून उंचावरून जातो. मी वर, फोनला वाटतं मी खाली. 'डावीकडे वळा' म्हणतो, डावीकडे कठडा! पूल इतके जवळ की थोडी चूकही पुरते. उंचीही मदतीला येत नाही, कारण सगळे उपग्रह डोक्यावरच, पायाखालून एकही नाही. म्हणून उंचीचा अंदाज नेहमी जास्त कच्चा.

साखळीहून
चोर्ला घाटात रेंज गेली, तरी निळा ठिपका पुढे सरकतच होता. नवरा म्हणाला, नेट नसताना कसा? अहो, फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, नुसता ऐकतो. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर. चारांचा सिग्नल मिळाला की जागा कळते. नेट लागतं ते नकाशाला. तो घरूनच उतरवून घ्या.

पेडण्याहून
टॅक्सी चालवतो. २०२३ च्या जानेवारीत दाबोळीच्या जोडीला मोपाचा दुसरा विमानतळ सुरू झाल्यापासून नुसतं 'गोवा एअरपोर्ट' टाकणारी गिऱ्हाइकं वाढली. मी आधी तिकीट बघतो, मग गाडी काढतो.

मालीमहून
आमचा ट्रॉलर आहे. आजोबा आग्वादचा दिवा आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की जाळं टाकायचे. धुकं आलं की नुसतं बसून राहायचं. बाबांनी जीपीएसचा सेट घेतला आणि एकेक पॉइंट भरत गेले: इथे सुंगटं (कोळंबी), इथे खडप (खडक), जाळं फाटतं. मासेमारीबंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, सेट घरी येतो. एका पावसाळ्यात भाच्याने बटणं दाबत सगळं कोरं केलं. नशीब, बाबांनी अंश-मिनिटं वहीतही लिहिली होती. परत भरताना मी अक्षांशातला एक ३ मिनिटांचा आकडा ८ वाचला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर. त्या पाच मिनिटांच्या फरकाने खडप नऊ किलोमीटर सरकलं आणि जाळं गेलं. बाबा काही बोलले नाहीत. वही तेवढी इंजिनाजवळून उचलून देवाच्या फोटोमागे ठेवली.