‘द इंग्लिश पेशंट’ : इतकं कौतुक झालं, तुम्हाला भिडला का?

गेल्या रविवारी आईसोबत ‘द इंग्लिश पेशंट’ पुन्हा पाहिला. १९९६चा सिनेमा, दिग्दर्शक अँथनी मिंगेला, बारा नामांकनं आणि त्यातली नऊ ऑस्कर पदरात. याचं नाव निघालं की आमच्या घरात दोन तट पडतात. एक डोळे पुसणाऱ्यांचा, दुसरा ‘पावणेतीन तास नुसती वाळू’ म्हणणाऱ्यांचा. मी दोन्हीकडे बसत नाही, म्हणून हा धागा.

माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. १९४४चा हिवाळा त्यांनी तिथल्या चिखलात काढला. लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत, पण एक सवय शेवटपर्यंत सुटली नाही. अनोळखी घरात जायचं झालं की ते दाराच्या बाजूला उभे राहायचे आणि काठीने दार ढकलायचे. माघार घेताना जर्मन सैन्य दारांना, कपाटांना, वाद्यांनासुद्धा सुरुंग जोडून जायचं, हे मला फार उशिरा कळलं. सिनेमात इटलीतल्या त्या पडक्या मठात, भाजलेल्या रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका हॅना पियानोला हात लावते आणि सुरुंग निकामी करणारा शीख सैनिक किप धावत येऊन तिला थांबवतो, तिथे आईने माझं मनगट घट्ट धरलं.

त्या भाजलेल्या रुग्णाचं, म्हणजे अल्माशीचं, आधी वाळवंटात विवाहित कॅथरीनवर जडलेलं प्रेम देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण माझ्यापुरतं या सिनेमाचं कौतुक किप आणि हॅनाच्या त्या थोडक्या प्रसंगांवर उभं आहे. नेमकं तेच दिग्दर्शकाने हात आखडून दिलं, ही माझी खंत आहे.

तुम्ही कधी पाहिलात, कुणाबरोबर, आणि मनात काय राहिलं? मोकळेपणाने लिहा. शेवट उघड होणारच आहे, तेव्हा ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं.

निवृत्त परिचारिका, मिरज

अकरा वर्षं जळीत वॉर्डात काढली, त्यामुळे हा सिनेमा मी रुग्णाच्या खाटेपाशी बसूनच पाहिला. इतका भाजलेला माणूस त्या काळात, त्या पडक्या खोलीत इतके दिवस तग धरणार नाही. ड्रेसिंग सलाइनने भिजवून कडेकडेने सोडवताना जो वास येतो, तो पडद्यावर येत नाही. ते बाजूला ठेवते.

हॅना मात्र खरी आहे. ती त्याला प्लम भरवते, वाचून दाखवते, आणि पावसात सगळे मिळून त्याला स्ट्रेचरवरून बाहेर भिजायला नेतात. आमच्याकडे एका बाईंना फक्त खिडकी हवी होती. खाट फिरवून दिली तर दोन दिवस त्यांनी तक्रार केली नाही.

शेवटी तो मॉर्फिनच्या कुप्या तिच्याकडे सरकवतो. ‘सिस्टर, आता पुरे करा’ म्हणणारे मी पाहिलेत. आम्ही हात धरून बसायचो, दुसरं काय करणार? तिथे हॅना झालेल्या ज्युलिएट बिनोशचा चेहरा जो कोसळतो, त्यासाठी तिला मिळालेलं ऑस्कर मला कधीच जास्त वाटलं नाही.

ठाणे

मी दुसऱ्या तटातली. सगळे अल्माशीसाठी रडतात. मी कॅथरीनच्या नवऱ्यासाठी रडले. लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी तो रात्रभर गाडीत बसून बायकोची वाट बघतो. अशी रात्र मी काढली आहे, आमच्या इमारतीच्या जिन्यात. त्या माणसाला सिनेमाने पुढे विमान घेऊन अंगावर येणारा वेडा करून टाकलं आणि मोकळा झाला. मला हे पटलं नाही, पटणारही नाही.

संकलक, पुणे

ताई, तुमचं दुःख मान्य. पण एक प्रसंग फक्त बघण्यासाठी पुन्हा लावा. सुरुवातीला कुंचला कागदावर पोहणारी माणसं काढतोय, आणि बघता बघता तो कागद वाळूच्या टेकड्या होतो, त्यावरून विमानाची सावली सरकते. वॉल्टर मर्च या माणसाला याच सिनेमासाठी संकलनाचं आणि ध्वनीचं, अशी दोन्ही ऑस्कर मिळाली. एकाच सिनेमासाठी ही दोन्ही त्याच्याआधी कुणालाच मिळाली नव्हती. संगणकावर संकलित झालेल्या सिनेमाला संकलनाचं ऑस्कर मिळण्याचीही ती पहिलीच वेळ. वर्तमानातून भूतकाळात जाताना तो आधी आवाज नेतो, चित्र मागून येतं. मी शिकत असताना आवाज बंद करून पाहिला आणि गोष्ट सुटी सुटी होऊन पडली. कौतुकाला उतरतो का? माझ्या कामापुरतं सांगतो, पुरेपूर.

निवृत्त सुभेदार, खडकी

मी बॉम्बे सॅपर्सचा. किप सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारा सैनिक, आहे म्हणून मुलाने मुद्दाम दाखवला. सुरुंग शोधताना संगीन तिरकी खुपसत जायची असते, सरळ नाही. सरळ टोचली तर वरच्या चकतीवर दाब येतो. आमच्याकडे भरती झाल्यावर प्रेमिंद्रसिंग भगत यांचं नाव आधी कानावर पडतं. १९४१ साली ॲबिसिनियात त्यांनी चार दिवस सलग काम करून ५५ मैलांच्या पट्ट्यातली १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेव्हा किप म्हणजे कुणाच्या कल्पनेतलं खेळणं नाही, असे लोक होते.

पुलाखाली तो बॉम्बपाशी आणि वरून रणगाडे येतात, तो प्रसंग चांगला आहे. मला लागला तो नंतरचा. युद्ध संपल्याच्या जल्लोषात त्याचा जोडीदार हार्डी पुतळ्यावर चढतो आणि तिथे लावलेल्या सुरुंगाने जातो. मग किपला कळतं, आपण एकमेकांना कधी काही विचारलंच नाही. माझ्या जोडीदाराची पेटी घेऊन मी त्याच्या गावी गेलो होतो. तिथे कळलं की तो पखवाज वाजवायचा. दीड वर्ष एका राहुटीत झोपलो आणि मला माहीत नव्हतं.

प्राध्यापक, कऱ्हाड

सुभेदारसाहेब, हार्डीचा मृत्यू जिथे येतो, तिथे मायकेल ओंडाटजे यांच्या मूळ कादंबरीत हिरोशिमा आहे. कादंबरी १९९२ची, त्या वर्षीचं बुकर तिने विभागून मिळवलं. त्यात रेडिओवर अणुबॉम्बची बातमी ऐकून किप पेटून उठतो आणि ज्या गोऱ्यांच्या युद्धात त्याने रोज जीव पणाला लावला, त्यांना सोडून निघून जातो. हा बॉम्ब गोऱ्यांच्या देशावर कधीच पडला नसता, हे तिथे स्पष्ट येतं. सिनेमात तो राग नाही. उरतो एक मित्र गेल्याचं दुःख घेऊन मोटारसायकलवरून जाणारा समंजस शीख तरुण.

खऱ्या अल्माशीचंही तसंच. हा हंगेरियन संशोधक १९४२ साली जर्मनांच्या दोन हेरांना वाळवंटातून इजिप्तमध्ये पोचवून आला होता. सिनेमा त्याचे नकाशे प्रेमापोटी जर्मनांना देतो, म्हणजे आपण त्याला माफ करावं. प्रेमकथा म्हणून मी याला वरचा नंबर देईन, युद्धकथा म्हणून नाही.

मिलान

किप हॅनाला दोराने वर खेचतो आणि ती मशालीच्या उजेडात चर्चमधली भित्तिचित्रं बघते, ते चर्च आरेत्सोचं. चित्रं पिएरो देल्ला फ्रान्चेस्काची. मी त्या प्रसंगापायी गेलो. त्याच गावाच्या बाहेर युद्धस्मशान आहे आणि तिथे भारतीय सैनिक आहेत, हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. गवत नीट कापलेलं होतं. मी नावं वाचत फिरलो आणि चित्रांचं तिकीट काढलेली वेळ टळून गेली. इटलीत आपले ५,७८२ जवान गेले. सिनेमात त्या सगळ्यांच्या वाट्याचा एक किप.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या ताई, तो गाडीतला प्रसंग काल रात्री पुन्हा पाहिला, तुमच्या नजरेने. माझ्याकडून तो आजवर निसटलाच होता.

मिलानचे दादा, आजोबांच्या तोंडून यशवंत घाडगे यांचं नाव ऐकलेलं आठवतं. माणगाव तालुक्यातले, मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले. गोळ्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक उलटी धरून लढले आणि तिथेच पडले. वय २२. आजोबा त्यांचं नाव काढताना बसलेले असले तरी उभे राहायचे.

प्राध्यापकांनी सांगितलेला राग आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. मग तिने किप केस सोडून धुतो आणि हॅना त्याला ऑलिव्ह तेल आणून देते, तो प्रसंग लावायला सांगितला. आजोबांना रविवारी डोक्याला तेल घालायची ती लहानपणी. प्रसंग संपल्यावर म्हणाली, ‘परत लाव.’