न्याहारीच्या अंड्यातील पिवळा बलक काढून टाकावा का?

धागाकर्ता:
न्याहारीत स्निग्धांश कमी ठेवायचा असेल, तर पिवळा बलक वगळावा, असे माझे ठाम मत आहे. एका मोठ्या अंड्यात सुमारे ७२ कॅलरी आणि ५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो आणि हा स्निग्धांश जवळजवळ सगळा बलकात असतो. उलट पांढऱ्या भागातून अवघ्या १७ कॅलरींमध्ये साडेतीन ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. वजनावर लक्ष ठेवणाऱ्याने आणखी काय पाहावे?

प्रतिसाद १:
असहमत. बलकासोबत अंड्यातील ४० टक्क्यांहून अधिक प्रथिने टाकून दिली जातात, हे आपल्या हिशेबात आलेले नाही. कोलीन हे पोषकद्रव्य, अ, ड आणि ई जीवनसत्त्वे, तसेच डोळ्यांसाठी महत्त्वाचे मानले जाणारे ल्युटीन हे सारे बलकातच असते. त्यातही ल्युटीन आणि ही तीन जीवनसत्त्वे शरीरात नीट शोषली जाण्यासाठी स्निग्धांशाचीच गरज भासते. खरी काटकसर तव्यावर व्हायला हवी. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल ऑम्लेटसाठी वापरले, तर सुमारे १४ ग्रॅम स्निग्धांश वाढतो, जो जवळपास तीन अख्ख्या अंड्यांइतका आहे. बलक काढायचा आणि मग पांढऱ्या भागाला चव यावी म्हणून लोणी किंवा चीज घालायचे, या पद्धतीला कमी स्निग्धांशाची न्याहारी म्हणणे मला पटत नाही. अंडे उकडले, तर तेलाचा प्रश्नच उरत नाही.

प्रतिसाद २:
तेलाबद्दलचे म्हणणे मान्य. मात्र कोलेस्टेरॉलचा मुद्दा सुटला आहे. एका बलकात १८० मिलिग्रॅमहून अधिक कोलेस्टेरॉल असते. अमेरिकेच्या २०१५ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली गेली, एवढेच सर्वत्र सांगितले जाते; पण आहारातील कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी ठेवावे, हेही त्याच दस्तऐवजात म्हटले होते. ज्यांचे एलडीएल, म्हणजे रक्तातील ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेले आहे किंवा ज्यांच्या घराण्यातच हा विकार आहे, त्यांना अख्ख्या अंड्यांचा सरसकट सल्ला देणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद १:
अशा व्यक्तींनी डॉक्टरांचेच ऐकावे, याबद्दल वाद नाही. तथापि धागा सर्वांसाठी आहे, आणि निरोगी माणसाला एक अख्खे अंडे व दोन अंड्यांचा पांढरा भाग एकत्र केल्यास सुमारे १०६ कॅलरींमध्ये साधारण साडेतेरा ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय स्निग्धांश ५ ग्रॅमच्या आसपासच राहतो.

धागाकर्ता:
हे प्रमाण मला स्वीकारार्ह वाटते. तीन अख्ख्या अंड्यांच्या ऑम्लेटला मात्र माझा विरोध कायम आहे.