"आपलं चर्च, आपला वाडा, आपली माणसं" म्हणणाऱ्यांना उत्तर (लांब आहे)

वसईची_लेक:
परवा आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एकानं पोस्ट टाकली. थोडक्यात अशी, की दिवस बरे नाहीत, ख्रिस्ती माणसानं आपलं चर्च, आपला वाडा, आपली माणसं एवढंच बघावं, बाहेरच्यांच्या दारात गेलं की धर्मांतराचा आळ येतो, कशाला नसती उठाठेव. खाली सगळ्यांचे अंगठे. मी तिथे गप्प बसले पण रात्री झोप लागली नाही म्हणून इथे लिहिते.

मी वसईची, मराठीत प्रार्थना करत वाढलेली, लग्न होऊन म्हापशात आले त्याला सोळा वर्षं झाली. २३ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात लोकांची घरंच्या घरं पाण्यात गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही चर्चमधले नऊ जण फावडी, झाडू आणि तांदूळ-डाळ घेऊन गेलो. एका घराची मातीची भिंत अर्धी बसली होती, भाताची पोती भिजून फुगलेली, आंबूस वास येत होता. आजीनं विचारलं कुठून आलात, मी म्हटलं म्हापशाच्या इगर्जेतून, म्हणजे चर्चमधून. सगळे गप्प. मग तिचा मुलगा म्हणाला, "बरं, आणि आता काय सांगणार?" मी म्हटलं, चिखल कुठे टाकायचा ते तुम्हीच सांगा. चार वाजेपर्यंत ओढत होतो. निघताना आजीनं गुळाचा कोरा चहा दिला, स्टीलच्या पेल्यात, हात भाजत होता पण खाली ठेवायला कोरडी जागाच नव्हती. अजून जाते मी तिच्याकडे. मागच्या वर्षी तिची नात आमच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल घेऊन आली.

मग मला सांगा, जी सायबीण शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, जिला हिंदू बायका तेल घालतात आणि लईराईकडून मोगरीची फुलं येतात, तिच्या फेस्ताला सगळ्यांनी आमच्या दारात यायचं आणि आम्ही कुणाच्या दारात जायचं नाही? २०११ च्या जनगणनेत आपण गोव्यात पंचवीस टक्के. पंचवीस जण कुंपणात बसले तर उरलेल्या पाऊणशेंना आपल्याबद्दल जे कळेल ते तिसऱ्याच्याच तोंडून कळेल.

शिवोलीकार:
बाय, ती पोस्ट माझी नाही पण मी तिच्याच बाजूचा. आम्ही तिघं मित्र एका वस्तीत मुलांना वह्या वाटायला गेलो होतो, फक्त वह्या. कुणीतरी व्हिडिओ काढला, तीन तास पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं, माझ्या म्हाताऱ्या पायनं (वडिलांनी) येऊन हात जोडले तेव्हा सोडलं. तुमचं मन स्वच्छ असेल, व्हिडिओत मन दिसत नाही. आमच्या गावात जागोर (लोकनाट्याचा उत्सव) होतो, नाताळानंतरच्या सोमवारी, हिंदू-ख्रिस्ती मिळून, कुणीही कुणाकडे "सेवा" करायला गेलं नाही तरी इतकी वर्षं चाललंय. कुसवाराचं (नाताळच्या फराळाचं) ताट शेजारी पाठवा, चतुर्थीच्या नेवऱ्या खा, पुष्कळ झालं.

वसईची_लेक:
दादा, तुमच्या वडिलांचं वाचून पोटात कालवलं. पण शेजारी ताट पाठवायला शेजारी ओळखीचा असावा लागतो. जिथे एकही ख्रिस्ती घर नाही तिथे ताट कोण नेणार?

दिवचलचा_दत्ता:
मी हिंदू आहे आणि मला राग आहे, स्पष्ट सांगतो. माझ्या भावजयीला अर्धशिशी. कुणीतरी सांगितलं अमुक ठिकाणी प्रार्थनेनं बरी होते. गेली. सहा महिन्यांत देवघरातल्या मूर्ती फडक्यात गुंडाळून माळ्यावर, कुंकू बंद. दोन वर्षं चतुर्थीला घरी आली नाही. आमची आई माटोळीखाली (गणपतीवर फळाफुलांची बांधतात ती) बसून रडली, सगळ्या आरतीभर. तुमच्या चिखल काढण्याला मी नावं ठेवत नाही पण पहिला फावड्यानं येतो आणि दुसरा त्याच वाटेनं देव बदलायला येतो, आम्ही ओळखायचं कसं? आणि १५६० पासून इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं हे आम्ही विसरावं का?

वसईची_लेक:
विसरू नका. तेव्हा चटके बसले त्यांत बाटवलेले ख्रिस्तीही होते, घरात तुळस सापडली म्हणून छळलेले, त्यामुळे ती आठवण माझीही आहे. तुमच्या भावजयीबद्दल "ते आमचे नव्हेत" म्हणून हात झटकणार नाही. आजारी माणसाला बरं करण्याच्या बदल्यात देवघर मागणं पाप आहे, हे मी चर्चच्या दारात उभी राहून म्हणेन.

नगरी_वास्कोत:
"ते आमचे नव्हेत" हे न म्हणताही म्हटलंत ताई. गोव्यात कॅथलिक नसलेला ख्रिस्ती म्हणजे बिलिव्हर आणि बिलिव्हर म्हणजे घरं फोडणारा, सगळे एका माळेत. आमचं घराणं नगरकडचं, चार पिढ्या ख्रिस्ती. वास्कोत आम्ही बारा कुटुंबं भाड्याच्या खोलीत मराठीत उपासना करतो. नाताळच्या गाण्यांसाठी एका कॅथलिक संस्थेचा हॉल मागितला, दोन तासांसाठी, भाडं देऊन. आधी हो म्हणाले, आदल्या दिवशी नाही. तुम्ही सत्तरीत जाता, चांगलंय, पण रस्त्यापलीकडच्या ख्रिस्ती माणसाकडे कधी आलात? रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार नावाची मंडळी काढली, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसायचे. शंभरहून जास्त वर्षं झाली, आपण अजून हॉलवरच अडलोय. आणि गोव्यात मराठीत येशूचं नाव घेतलं की हिंदू नाही, ख्रिस्तीच आधी चमकतात.

वसईची_लेक:
हे खरं आहे. मला सासरी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, ती मराठी प्रार्थना मनातल्या मनात म्हण.

पेडण्याचा_मास्तर:
आता मुद्द्याला हात घातलात! लोकांपर्यंत जायचंय म्हणता आणि लोकांची भाषा सोडली. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री इंग्लंडचा, १५७९ ला गोव्यात आला आणि ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ ला रायतूरला छापलं, मराठीत! पेडणे, सत्तरी, दिवचलकडचा (डिचोलीकडचा) माणूस भजन मराठीत म्हणतो, पेपर मराठी वाचतो, त्याच्याशी बोलणार कुठल्या भाषेत? २०११ ला प्राथमिकला इंग्रजीचं अनुदान मिळालं आणि चर्चच्या कितीतरी शाळा एका रात्रीत इंग्रजी झाल्या. मी तीस वर्षं मराठी प्राथमिकला शिकवलं, शेवटच्या वर्षी पहिलीत चार मुलं होती, चार. वर्गात माझाच आवाज घुमायचा.

मडगांवकार:
सुरू झालं तुमचं. त्याच स्टीफन्सनं दौत्रिन (ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक) कोंकणीत लिहिली, छापली १६२२ ला, कोंकणीचं व्याकरणही त्याचं, १६४० ला छापलं, ते का नाही सांगत? आणि तुमचं ते मराठी पुराण छापलं कुठल्या लिपीत? रोमीत, म्हणजे रोमन लिपीत! तीच रोमी जिला १९८७ च्या राजभाषा कायद्यात जागा दिली नाही. माझी आई रोमीत वाचते, रोमीत मिसा म्हणते, तिच्या भाषेला सरकार भाषा म्हणतं आणि तिच्या लिपीला नाही. १६८४ ला व्हाइसरॉयनं कोंकणी सोडा म्हणून फर्मान काढलं तरी आम्ही सोडली नाही, आता पेडण्याचा मास्तर शिकवणार?

पेडण्याचा_मास्तर:
शिकवीन. त्याच कोंकणीच्या शाळा इंग्रजी केल्या तेव्हा तुमची आई कुठे होती?

मडगांवकार:
आईवर जाऊ नका. तुमची मराठी म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायची मराठी, १९६७ च्या कौलात गोंयकारांनी उत्तर दिलंय.

पेडण्याचा_मास्तर:
मी १९६७ ला दोन वर्षांचा होतो हो. आईचं लिहिलं ते चुकलं, माफी. बाकी शब्द मागे घेत नाही. कोंकणीच्या शाळाही गेल्या हे तरी मान्य करा.

मडगांवकार:
गेल्या. माझी स्वतःची मुलं इंग्रजीत शिकली. मास्तराला पाहिजे होतं ते मिळालं, आता रोमीचं बोला.

शिवोलीकार:
तुम्ही दोघं दुसरा धागा काढा. इथे एक माणूस भावजयीचं दुःख सांगून गेला आणि तुम्ही लिपीवर.

पेडण्याचा_मास्तर:
लिपीवर नाही, भाषेवर. पण असो. वसईच्या बाईंनी त्या आजीशी कुठल्या भाषेत बोललं ते विचारा फक्त.

वसईची_लेक:
माझी मराठी, तिची सत्तरीची बोली. ती "कितें" म्हणते, मी "काय" म्हणते, चहा एकच असतो. मडगांवकार भाऊ, तुमची आई रोमीत प्रार्थना करते तशी माझी मराठीत, दोघींनाही कुणीतरी गप्प केलंय, त्यावर आपण का भांडावं? नगरच्या दादा, हॉलबद्दल मला लाज वाटते. आमच्या चर्चकडे लेखी मागा, अर्जावर पहिली सही माझी.

नगरी_वास्कोत:
सही नको, डिसेंबरात गायला या.

वसईची_लेक:
येते. मराठीत, मोठ्यानं.

दिवचलचा_दत्ता:
सगळं वाचलं. आजीकडे जाता ते थांबवू नका, एवढं मान्य करतो, जास्त नाही. पण एक विचारतो. आमचं कुणाचं भावजय ऐकत नाही, मी बोललो की ती म्हणते तुम्ही अंधारात आहात. तिला एखाद्या ख्रिस्ती माणसानंच सांगितलं, की सासूच्या घरी चतुर्थीला जेवायला बसलीस म्हणून येशू रागावत नाही, तर? पूजा करू नको हवं तर. नुसती येऊन बस म्हणावं. आई यंदा एक्क्याऐंशीची झाली.

वसईची_लेक:
पत्ता इथे टाकू नका, खाजगीत पाठवा. मी येते. नगरच्या दादांनीही यावं, माझ्यापेक्षा त्यांचं ती जास्त ऐकेल.

नगरी_वास्कोत:
रविवारी उपासना संपली की दुपारी निघू शकतो. बायकोला घेऊन येतो, तिलाही अर्धशिशी आहे, गोळी घेते आणि प्रार्थनाही करते.

शिवोलीकार:
माझी गाडी घ्या, वास्कोहून दिवचल बसनं हाल होतील. मी बाहेर थांबेन, आत येणार नाही.

दिवचलचा_दत्ता:
बाहेर कशाला थांबता. या.