घराला ओळखणारा डॉक्टर कुठे मिळेल?

प्रश्न (खानापूर तालुका):
आमच्या भागातील जुन्या डॉक्टरांनी वयोमानामुळे दवाखाना बंद केला, आणि तेव्हापासून आईच्या मधुमेह व रक्तदाबाच्या साध्या तपासणीसाठीही बेळगाव गाठावे लागते. तिथे दर वेळी नवा डॉक्टर भेटतो व आजाराची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. आपण काय करता?

उत्तर (बेळगाव):
मधुमेह व रक्तदाबाची औषधे गावाजवळच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात का, ते आधी विचारा. जुन्या चिठ्ठ्या व रक्ताचे अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावा.

उत्तर (निपाणी):
महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकच्या सीमाभागातील ८६५ गावांसाठी जाहीर केली, परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ताप-खोकल्याला धावून येणारा, घरातील माणसांना नावाने ओळखणारा डॉक्टर तिच्यातून मिळत नाही, आणि आमच्या वृद्धांना नेमकी त्याचीच गरज आहे.

उत्तर (जांबोटी):
ई-संजीवनी या सरकारी सेवेवर व्हिडिओ कॉलने डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. मात्र आमच्या जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज अनेकदा मिळत नाही, त्यामुळे आम्ही आरोग्य केंद्रातूनच तो कॉल लावून घेतो. मराठीत बोलणारे डॉक्टर हवेत, असे तिथे आवर्जून सांगा.